प्रार्थना करून सांगतो

"छातीत पाणी झालंय, मास्तर," डॉक्टर एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून म्हणाले. "प्लुरसी. बहुतेक क्षयाचीच सुरुवात."

प्लुरसी म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाला येणारी सूज. श्वास घेताना बरगडीत सुरी फिरल्यासारखं होतं. तेव्हा मी नामपल्लीजवळच्या मिशन शाळेत शिकवत होतो. ताप अंगावर काढला आणि चर्चमध्ये गाताना दम लागला तेव्हा दवाखान्यात गेलो. तुम्ही तसं करू नका.

मला छातीच्या वॉर्डात खाट मिळाली. आमचे पाळकसाहेब भेटायला आले. फळं आणली नाहीत, अर्थ आणला. "देवाने तुला पाडलंय ते बोलावण्यासाठी. शाळा सोड, सेवेला ये." आजाऱ्याच्या उशाशी बसून देवाच्या मनातलं सांगणाऱ्यांचा मला आजही राग येतो. पुढे मीही तेच केलं, म्हणून जास्तच येतो.

पण तेव्हा मी खुणेची वाट पाहू लागलो. पवित्र शास्त्र कुठेही उघडायचं, बोट पडेल ते वचन वाचायचं. एकदा बोट वंशावळीवर पडलं.

शेजारच्या खाटेवर करीमभाई होते, अंबरपेठचे शिंपी. आजार तोच. टॅपिंगच्या वेळी, म्हणजे पाठीत सुई घालून पाणी काढतात तेव्हा, वॉर्डबॉय नसला की तेच मला पुढे वाकवून धरत. "हिलना नक्को, मास्टर. मैं सुई का आदमी हूं." देवाच्या बोलावण्याचं ऐकून म्हणाले, "खुदा बुला रा तो जाना जरूर. मगर खाली पेट नक्को जाओ. ये दाल पी लेव."

मग अठ्ठेचाळीस सालची पोलीस अ‍ॅक्शन झाली, हिंदी फौज शहरात आली. रझाकारांनी जाळलेल्या गावांतले काही रुग्ण आमच्या वॉर्डात होते. करीमभाईंची खाट बाहेर काढा, असा त्या रुग्णांच्या नातेवाइकांनी हट्ट धरला. जन्मभर काजं करणाऱ्या माणसाकडे ते जळालेल्या गावांचा जाब मागत होते.

डॉक्टर माझ्याकडे आले. करीमभाई ऐकत होते. "व्हरांड्यात ओल आहे, यांचा ताप उलटेल. मास्तर, ही माणसं तुम्हाला मानतात. 'यांना माझ्या शेजारीच राहू द्या,' एवढं सगळ्यांसमोर म्हणा. बाकी मी बघतो."

मी म्हणालो, "प्रार्थना करून सांगतो."

आमच्या लोकांत हे वाक्य कुणी खोडत नाही. स्थळ असो, वर्गणी असो, नको असेल तिथे आम्ही प्रार्थना करून सांगतो. डॉक्टर गेले. मी डोळे मिटून घेतले. संध्याकाळी फरशीवर खाट ओढल्याचा आवाज आला, तेव्हाही उघडले नाहीत.

"दुआ पूरी हुई क्या, मास्टर?" जाताना करीमभाईंनी विचारलं. टोमणा होता की खरंच विचारत होते, मला कळलं नाही.

भिंतीपलीकडून त्यांचा खोकला ऐकू यायचा. मग तो थांबला. सिस्टर म्हणाल्या, तापातच त्यांना त्यांचा भाऊ घरी घेऊन गेला. पुढचं मी विचारलं नाही.

मी बरा झालो, पाळक झालो. शहरातल्या हिमायतनगरपासून मराठवाड्यापर्यंत साक्ष देत, म्हणजे मंडळीसमोर आपला अनुभव सांगत, फिरलो: त्या वॉर्डात मला देवाचं पाचारण झालं. लोक रडायचे. करीमभाई त्या साक्षीत कधीच नव्हते. पाचारण झालं होतं, हे खरं. ते डॉक्टरांच्या तोंडून झालं, आणि मी ते टाळलं. पाळक झालो तो त्यानंतर, न विचारलेल्या प्रश्नाला हो म्हणून.

गेल्या महिन्यात चर्चमध्ये उभा राहून हे सगळं सांगितलं. कुणी रडलं नाही. आमचे तरुण पाळक मला सावरायला पुढे आले. "आजोबा, तुम्ही तेव्हा आजारी होता."

"आजारी होतो," मी म्हणालो. "मुका नव्हतो."

तुमच्यापैकी कुणी आज वॉर्डात पडून देवाच्या खुणेची वाट पाहत असेल, तर आधी शेजारच्या खाटेकडे बघा.

आता हृदय थकल्यामुळे माझ्या छातीत पुन्हा पाणी साचतं. परवा सुई घातली तेव्हा नात धरायला होती. मी जराही हललो नाही. "कुणी शिकवलं हो, आजोबा?" तिने विचारलं.

मी तिला करीमभाईंचं नाव सांगितलं.