पेपरात आलेला माझा हात

मंगळवारी पेपरात माझा फोटो आला. म्हणजे आख्खी मी नाही... फक्त हात. सत्तरी उलटल्यावर पहिल्यांदा पेपरात आले आणि तेही मनगटापर्यंतच!

नीट सांगते. मी बोलते, फोन लिहितो आणि चुका माझी नात मानसी सुधारते. शाळा तिसरीपर्यंतच झाली माझी, पण पेपर मात्र अक्षर लावत लावत रोज वाचते. वाचून पोरासोरांना नावंही ठेवते... त्यावर नंतर येते.

आमचा पाडा किन्हवलीच्या अलीकडे, फाट्यापासून दहा मिनिटं चालत. मानसी मुरबाडला कॉलेजला जाते, सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पाड्यातून कॉलेजला जाणाऱ्या तीनच मुली, त्यातली ही एक.

सकाळची एसटीची गाडी फाट्यावर मंदावते, पण कशासाठी... तर पेपरचा गठ्ठा टाकायला! गठ्ठा खाली पडला की गाडी सुटते आणि पोरं बघत राहतात. कागदाला स्टॉप आहे, माणसाला नाही. प्रॅक्टिकल परीक्षा जवळ आली, अर्ज देऊन झाले, शेवटी सोमवारी आजूबाजूच्या पाड्यांतली पंधरा-वीस पोरं रस्त्यावर बसली.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. माझ्या डोक्यात शेवगा होता. यंदा आमचा शेवगा असा लागलाय की फांद्या वाकल्यात... आणि माझी धाकटी बहीण यमुना मुरबाडला राहते, तिचा जीव या शेंगांवर. त्या सकाळी मी मानसीजवळ चांगली जुडी बांधून दिली होती, तर ही मुलगी ती ओट्यावरच विसरून गेली. मग काय, जुडी घेऊन मीच निघाले तिच्या मागे.

फाट्यावर बघते तर गाडी अडलेली, घोषणा चालू आणि मानसी सगळ्यात पुढे. मी गर्दीतून घुसले. म्हटलं, "अगो, ह्या घे आधी, मग वरड! उन्हात सुकतील." तिने जुडी धरली आणि घोषणेच्या भरात तोच हात वर केला. दुसरं टोक अजून माझ्या हातात होतं... तेवढ्यात कोणीतरी फोटो काढला.

थोड्या वेळाने एसटीचे साहेब आले, बोलले, बुधवारपासून गाडी थांबवू म्हणाले. पोरं उठली. शेंगा यमुनाकडे पोचल्या. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी त्याच गाडीतून पेपर पडला. मोठ्या अक्षरात, 'तरुणाईचा रस्त्यावर धिंगाणा'. फोटोत मानसीचं तोंड उघडं, हात वर, आणि खाली लिहिलेलं, 'दांडकी उगारणारी तरुणी'. पुढे आणखी होतं... मुलांना बाहेरच्या लोकांनी चिथावलं, अशी चर्चा आहे म्हणे. गाडी थांबत नाही, हे मात्र कुठेच नव्हतं. मी दोनदा अक्षर लावून बघितलं.

दुपारपर्यंत पाडा ढवळून निघाला. दुकानावर एक जण म्हणाला, "आदी मोबाईल दिले पोरींना, आता दांडकी आली हातात." बाकीच्या दोघींच्या घरी कॉलेज बंद झालंच. संध्याकाळी माझा मुलगा सुरेश कंपनीतून आला, त्याला तिथे सगळ्यांनी फोनवर तो फोटो पाठवून विचारलं होतं, लेक पुढारी झाली का म्हणून. चप्पल काढायच्या आधीच म्हणाला, "उद्यापासून घरी बसायचं. परीक्षा नाय न काय नाय."

मानसी चुलीपाशी जाऊन रडायला लागली. सून तिथेच आमटी ढवळत होती. पोरीची दोन वर्षं एका फोटोपायी जाणार!

मी सुरेशला म्हटलं, "फोटो दाव बघू तुझ्या फोनमधला. मोठा कर. कडेचा हात बघ."

माझ्या मनगटावर तुळशीचं गोंदण आहे, लहानपणी म्हसा गावच्या जत्रेत काढलेलं. खाली चार ठिपके हवे होते, पण सुई टोचल्यावर मी हात सोडवून पळाले, म्हणून तीनच. सुरेश लहान असताना ताप आला की हेच ठिपके मोजत झोपायचा... चौथा शोधत.

मी माझा हात फोनशेजारी ठेवला. त्याने एकदा फोटोकडे बघितलं, एकदा हाताकडे. फोटो पुसट होता, पण आईचा हात कोण ओळखणार नाही?

"आये... तू?"

"मीच ती बाहेरची! आनी दांडकी हवी तर ती बघ, आमटीत शिजतात."

आधी सून हसली. मग मानसी डोळे पुसत हसली. सुरेश हातपाय धुऊन ताटावर बसला आणि म्हणाला, "वाढ गो, मानसी." त्या रात्री तीन वेळा आमटी घेतली पठ्ठ्याने. पुढ्यात चोथ्याचा हा ढीग!

बुधवारी सकाळी फोन घेऊन तोच त्या दोन मुलींच्या घरी गेला. मग तिघींबरोबर फाट्यावर उभा राहिला. गाडी थांबली... आधी पोरी चढल्या, मग गठ्ठा उतरला. हे काही पेपरात आलं नाही, म्हणून मी इथे लिहिते.

आणि आता माझं. इतकी वर्षं शहरातल्या मोर्चातली पोरं पेपरात बघून मीच म्हणायची, काय ही पोरं, यांना आईबाप नाहीत का! कोणाच्या हातात काय होतं, मला काय माहीत होतं?

आता पेपरात कोणाचा हात उगारलेला दिसला की मी आधी फोटोची कड बघते... पलीकडे कोणाची तरी आजी असेल.