साबणानं धुतलेला मेंढीकोट

आमच्या ह्यांना मी माझी एक किडनी दिली, हे मी भेटेल त्याला सांगते. का नाही सांगायचं? ह्यांनी मला लग्नानंतर शिलाई मशीन घेऊन दिली, त्याचं कौतुक सासरचे अजून सांगत असतात. मी तर आतली वस्तू काढून दिली.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरांनी बजावलं, गोळ्यांमुळे ह्यांची रोगाशी लढायची ताकद कमी राहील, साधी सर्दीसुद्धा महागात पडेल. झालं, मी दारात पोलीस होऊन बसले. सख्ख्या नणंदेलासुद्धा खिडकीतूनच बोलायला लावलं, ती अजून फुगलेली आहे.

पण घरी आल्यापासून हे गप्पच झाले. भाजीत मीठ कमी पडलं तर घर डोक्यावर घेणारा माणूस, तो बिनमिठाची भाजी मुकाट गिळायला लागला. विचारलं तर "हं", नाही विचारलं तर तेही नाही. खरं सांगते, ऑपरेशनला जाताना भ्याले नव्हते एवढी त्या गप्प बसण्याला भ्याले. किडनी चालली होती, माणूस बंद पडला होता.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, "आधी कशात मन रमायचं?" ह्यांच्याऐवजी मीच बोलले, "पत्ते." डॉक्टर म्हणाले, मग खेळू द्या की. मोकळ्या हवेत, मास्क लावून, हात धुऊन. सर्दी-खोकलावाला मात्र उंबऱ्याच्या आत नको.

खेळणारे कोण, तर तिघं. भाईजान, सिल्लोडचा कापसाचा धंदा मुलाच्या हवाली करून इथं राहायला आलेले. मागच्या गल्लीतले रिटायर गुरुजी. आणि शेजारचे भाऊजी, ह्यांचे कायमचे जोडीदार. रोज संध्याकाळी आमच्या गॅलरीत मेंढीकोट. म्हणजे दोघादोघांच्या जोड्या, दश्शीला मेंढी म्हणायचं, चारही मेंढ्या एकाच जोडीनं मारल्या की कोट. कोट झाला की गल्लीला कळायचं.

त्यांचा जुना कॅट मी पहिल्यांदा नीट बघितला आणि शिसारी आली हो! भाऊजींची तंबाखू, गुरुजींच्या भज्यांचं तेल, आणि चौघांची थुंकी. पिसायला अंगठा जिभेला, वाटायला अंगठा जिभेला. इस्पिकची राणी तर इतकी मळलेली की पाठीवरूनच ओळखू यायची. मी अख्खा कॅट चिमट्यात धरून घंटागाडीत टाकला आणि क्रांती चौकातून प्लास्टिकचे दोन आणले. एक खेळायला, एक वाळायला.

रोज खेळ संपला की पत्ते साबणाच्या पाण्यात. मग एकेक पान पुसून, चिमटा लावून दोरीवर. समोरची बाई विचारते, "काय ओ, आज राजा-राणीला न्हाऊ घातलं का?" एकदा वाऱ्यानं चौकटची सत्ती तिच्या कुंडीत जाऊन पडली. ती मी दोनदा धुतली.

पहिल्या दिवशी तिघांचे अंगठे सवयीनं वर गेले आणि मास्कवर आपटले. हसू आवरेना मला. मग बँकेतल्या कॅशियरसारखा ओला स्पंज ठेवला वाटीत. भजी खेळ संपल्यावर. तंबाखू घरी ठेवून यायची. भाईजान दोन्ही तळवे दाखवत म्हणाले, "भाभी, कपास में जिंदगी गई, पन इत्ते सफेद हात कब्बी नै हुए!" सगळे हसले. हे नुसतं पान टाकत होते. खेळत होते, पण तोंडातून शब्द नाही.

एका संध्याकाळी भाऊजींचा फोन आला. "वहिनी, नाक गळायलंय. मी येत नाय." अंगात ताप असला तरी पत्त्याला न चुकणारा माणूस! मला भरूनच आलं. इकडं तिघं चौथ्यासाठी अडून बसलेले. गुरुजी म्हणाले, "वहिनी, तुम्हीच बसा." ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही म्हशीला सायकल चालवायला सांगितली. मी म्हटलं थांबा. इतकी वर्षं चहा देता देता सगळं बघितलंय मी. बसले ह्यांच्या समोर, जोडीदार म्हणून.

आणि पानं अशी लागली की काय सांगू! एक मेंढी आमची, दुसरी आमची, तिसरी हुकमानं मारली. चौथी गुरुजींना टाकावीच लागली. त्या रंगाचं पान माझ्याकडं नव्हतं, हुकमाचा एक्का होता. टाकायचा अवकाश, की कोट. पण एक्का चिकटला शेजारच्या पानाला. मी घरची, मला मास्क नव्हता. अंगठा कधी जिभेवर गेला ते कळलंच नाही. कळलं तेव्हा तो पानावर होता.

कुणी बघितलं नव्हतं. सगळे त्या मेंढीकडं बघत होते. मी पानं पालथी ठेवली. "डाव मोडला. पत्ते धुवायचेत."

"का?" गुरुजी म्हणाले.

"माझी थुंकी लागली."

मी एक्का उलटा करून दाखवला आणि हे ताडकन उठले. "अगं, डोकं फिरलं का तुझं? कोट होता, कोट! तुझी किडनी चालते मला, अन् थुंकी चालत नाय?"

"नाय चालत," मी म्हटलं आणि बावन्न पानं गोळा करून मोरीत गेले.

हे मागोमाग आले. काय बोलले, काय बोलले! भाऊजी असते तर असं झालं नसतं, बाईमाणसाला डावात घेऊच नये, असा कोट पुन्हा जन्मात येणार नाही. भिंतीवर हात आपटून ओरडत होते. पलीकडं भाऊजींची खिडकी उघडल्याचा आवाज आला. माझे हात कोपरापर्यंत फेसात, डोळे पुसायची सोय नव्हती, वाहू दिले. मी नळ आणखी मोठा सोडला.

"ऐकू येत नाय ओ," मी म्हटलं, "जरा मोठ्यानं ओरडा."