उतरा लोकहो, ब्रेक धरत नाही

कॉबल्स रिजच्या ट्रामला गाव हसायचं, आणि एझ्रा टिबेट्सला त्याचं काही वाटत नसे. हसतील त्याचे दात दिसतील, अशातला माणूस. ट्राम एकच, ड्रायव्हर एकच. कंडक्टर ठेवायची मालकाची दानत नव्हती. वर टेकडीवर रेल्वे स्टेशन आणि गाव, खाली तळं आणि तळ्याकाठचं बन. मधे गिरणीचा उतार, आणि उताराच्या पायथ्याशी वळण. अंडी विकायला निघालेल्या म्हाताऱ्यांच्या दारापुढे एझ्रा गाडी थांबवून घंटी वाजवी. एखादीचा चष्मा घरात राहिला तरी थांबे. घाई कुणाला होती?

पावसाने रूळ ओले झाले की उताराच्या तोंडाशी तो गाडी उभी करी आणि म्हणे, "उतरा लोकहो, ब्रेक धरत नाही." लोक निमूट उतरत, छत्र्या उघडून उतार चालत जात. एझ्रा रिकामी गाडी सांभाळून खाली नेई आणि वळणापलीकडे सगळे पुन्हा चढत. यात कुणाला काही विनोदी वाटत नव्हतं. आपल्याच पायांनी चालायचं, त्यात हसण्यासारखं काय?

विनोदी वाटलं ते शहरातून मासे धरायला आलेल्या एका चित्रकाराला. त्याने दर रविवारी वर्तमानपत्रात ती ट्राम काढायला सुरुवात केली. वाकडीतिकडी, दोरीने बांधलेली गाडी, पुढे गुडघ्यापर्यंत दाढीचा ड्रायव्हर, आणि शेवटच्या चौकोनात दर वेळी तेच वाक्य. बघता बघता ते देशभर गाजलं. पोस्टकार्डं निघाली, पत्र्याची खेळणी निघाली. नाटकांच्या मधल्या वेळात एखादा नट खोटी दाढी लावून ते वाक्य टाकी आणि लोक थिएटर डोक्यावर घेत. एझ्राची ट्राम पाहायला लोक आगगाडीने येऊ लागले.

खोटं कशाला बोला, एझ्रालाही आधी मौज वाटली. बायको गेल्यापासून घरात तो आणि त्याची तरणी मुलगी कोरा, दोघंच. ती चित्रं कापून स्वयंपाकघराच्या भिंतीवर डकवी. मग एका ओल्या सकाळी त्याने नेहमीसारखं उतरायला सांगितलं, आणि गाडीभर टाळ्या पडल्या. उतरलं कुणीच नाही. त्या दिवशी भरलेली गाडी त्याने खाली कशी नेली ते त्याचं त्यालाच माहीत. पुढे त्याने शब्द बदलून पाहिले, रागावून पाहिलं, हात जोडून पाहिले. लोक म्हणाले, एझ्राकाका आज रंगात आलेत. लांडगा आला म्हणणारा पोरगा निदान खोटं तरी बोलला होता. हा बिचारा एकदाही खोटं बोलला नव्हता. पावसाचे ढग दिसले की तो समोरचं ताट बाजूला सारी. कोराला वाटे, बाबांचं वय झालं.

ब्रेकसाठी तो मालकाकडे, स्प्रॅगकडे, दोनदा गेला. चाकांवर दाबायचे लोखंडी ठोकळे झिजून पापड झाले होते. स्प्रॅगने त्याच्या पाठीवर थाप मारली.

"करकर करते म्हणून तर लोक येतात, एझ्रा. तिला नीट केली तर बघायला कोण येणार? तू आपली दाढी वाढव."

असल्या माणसाला काय म्हणावं!

चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाला, सगळं गाव तळ्यावर सहलीला जातं. त्या वर्षी सकाळी भुरभुर झाली. चाकं घसरू नयेत म्हणून रुळांवर सोडायची वाळू पेटीतच भिजून तिचा चिखल झाला होता, नळीतून खडाही पडेना. गाडी मात्र खच्चून भरली. पायऱ्यांवर माणसं लोंबकळत होती, टोपल्यांत हॅम आणि चेरीचे केक होते, मागे बँडवाले. स्प्रॅगने गाडी चालवायचं जास्तीचं हँडल आपल्या पुतण्याजवळ, क्लाइडजवळ, देऊन ठेवलं होतं. म्हातारा अलीकडे कुरकुरतो, असं त्याचं म्हणणं.

उताराच्या तोंडाशी एझ्राने गाडी थांबवली. टोपी काढली आणि ते वाक्य म्हटलं. बँडने ढोल बडवला. त्याने गाडीचं हँडल उपसून खिशात टाकलं; त्याच्याशिवाय गाडी हलत नाही. हशा आणखी वाढला. तेव्हा क्लाइडने कोटातून दुसरं हँडल काढलं आणि म्हणाला, बाजूला व्हा काका, मी नेतो. क्लाइडने त्या उतारावर गाडी कधी हाकली नव्हती. इकडे आड, तिकडे विहीर. निदान आपल्या हाताला हा उतार ठाऊक आहे, असं म्हणून एझ्राने आपलं हँडल परत बसवायचं ठरवलं. त्याआधी तो पुढच्या बाकाशी वाकला. तिथे कोरा मैत्रिणींबरोबर बसली होती.

"कोरा, माझं ऐक. उतर खाली. हे चित्रातलं नाही गं."

"अय्या, हे नवीनच आहे!" कोरा मैत्रिणींकडे वळली. "ऐकलंत का? बाबांनी नवीन वाक्य काढलंय."

तिच्या डोळ्यांत बापाचा केवढा अभिमान होता! एझ्राने तिच्या गालाला हात लावला आणि जागेवर जाऊन उभा राहिला.

निम्म्या उतारापर्यंत गाणं चालू होतं. एझ्राने ब्रेक आवळला, मोटर उलटी फिरवली, वरच्या तारेतून ठिणग्या उडाल्या. लोकांनी टाळ्या पिटल्या. मग गाडीचा वेग ज्याच्या त्याच्या ध्यानात आला आणि गाणं थांबलं. वळणावर गाडी रूळ सोडून गिरणीच्या भिंतीत घुसली. सहा माणसं गेली. त्यांत कोरा होती.

चौकशी शाळेच्या मोठ्या वर्गात झाली. स्प्रॅगने सांगितलं की ड्रायव्हरने कुणाला सावध केलंच नाही. वाचलेल्यांना विचारलं तर एकेक जण खाली मान घालून म्हणाला, नाही साहेब, सांगितलं होतं. छान सांगितलं होतं. चौकशीवाले अधिकारी बाहेरगावचे होते, त्यांना काही उलगडा होईना. शेवटी त्यांनी एझ्राला उभं केलं आणि म्हणाले, त्या वेळी जे म्हणालात तेच, तसंच, पुन्हा म्हणून दाखवा.

एझ्रा उठला. हाताला पट्टी होती. सवयीने त्याने टोपी काढली.

"उतरा लोकहो," तो म्हणाला, "ब्रेक धरत नाही."

वर्गात कुणी हललं नाही. मग मागच्या बाकावर कुणाला तरी फसकन हसू फुटलं.