हलगीवाल्याचा पैलवान

कुस्ती बघणारी माणसं बोंबलतात, फेटे उडवतात, शेजारच्याच्या पाठीत गुद्दे घालतात आणि मोकळी होतात. ज्ञानूला त्यातलं काहीच करता यायचं नाही. तो हलगीवाला. आखाड्यात दोन पैलवान भिडले की यानं दोघांसाठी सारखंच वाजवायचं. आणि या बाबाचा जीव अडकलेला त्यातल्याच एका पैलवानात! आता सांगा, असल्या माणसाचं काय व्हायचं?

मी दिलावर, वडूजचा स्पीकरवाला. आमच्या भागात यात्रेचं मैदान असलं की कर्णे माझे आणि हलगी ज्ञानूची, हे ठरलेलं. एकाच टेम्पोत बसून आम्ही कैक गावं पालथी घातली. तो लग्नात वाजवायचा, मिरवणुकीत वाजवायचा, एरवी लोकांच्या रानात कामाला जायचा. बोलणं मोजकं. पण नाथाजी पैलवानाचं नाव काढलं की गडी सुटलाच! नाथाजी लहानपणी यात्रेत रेवड्यांवर कुस्त्या खेळायचा, तेव्हापासून ज्ञानूनं त्याची एक कुस्ती चुकवली नव्हती. ना नात्याचा, ना गोत्याचा. का आवडतो विचारलं तर म्हणायचा, "लय सरळ खेळतंय पोरगं."

नाथाजीची कुस्ती असली की ज्ञानूला सकाळपासून भाकरी जायची नाही. त्याची बायको धोंडुबाई माझ्यासमोरच त्याला झाडायची, "आवं भावजी, सोताच्या पोरीच्या लग्नात पोटभर जेवला ह्यो मानूस. अन् त्या पैलवानाची कुस्ती म्हनलं की पानी बी घशाखाली उतरत न्हाई. मी मेले तर येवढा जीव करंल का?" ज्ञानू खाली मान घालून हलगी शेकत बसायचा.

चौऱ्याण्णव साली नाथाजीचा गुडघा गेला. मिरजेला ऑपरेशन झालं. ज्ञानू एसटीनं मिरजेला गेला, दिवसभर दवाखान्याच्या फाटकाशी बसला आणि न भेटताच परत आला.

"आत जाऊन काय बोलू? म्या कोन त्येचा?" म्हणाला.

"मग गेलतास कशाला, झक मारायला?" मी म्हणालो. माझं डोकंच फिरलं होतं. एवढं प्रेम करायचं आणि त्या माणसाला पत्ताही लागू द्यायचा नाही, म्हणजे काय?

वर्षभरानं, पंचाण्णवच्या यात्रेत, केसरीच्या गदेसाठी एक नंबरची कुस्ती लागली. नाथाजी आणि कुंडलकडचा जालिंदर. नाथाजीच्या बापानं चारचौघांत सांगून टाकलं होतं, "जितला तर खेळंल. हरला तर लंगोट खुंटीला." म्हणजे ही कुस्ती गेली की नाथाजी संपला. हे ऐकल्यापासून ज्ञानूचं तोंड उतरलं होतं.  टेम्पोत मी चहा पुढं केला, तो त्याच्या हातातच गार झाला.

ऊन कलल्यावर कुस्ती लागली. माणूस मावत नव्हतं. माझा अॅम्प्लिफायर ठेवलेल्या बैलगाडीला टेकून ज्ञानू उभा, शेजारी साथीचं घुमकं घेऊन कोंडीबा. घुमकं नेहमी हलगीच्या मागं चालतं. हलगी थांबली की तेही थांबतं. आणि आमच्याकडच्या मैदानात एक रिवाज होता. एवढ्या गलक्यात पंचांची शिट्टी पैलवानाला ऐकू यायची नाही, म्हणून शिट्टी वाजली की हलगी थांबायची, आणि हलगी थांबली की पैलवान हात सोडायचे.

सुरुवातीला नाथाजीनं जालिंदरला दोनदा रेटत काठापर्यंत नेला. मी तर अॅम्प्लिफायर सोडून गाडीवर उभाच राहिलो. पण मग नाथाजीचा पाय जड पडायला लागला. जालिंदरच्या ते ध्यानात आलं. त्यानं खाली वाकून पायांना हात घालून पट काढला आणि नाथाजीला मातीत घेतला. वर बसून रेटायला लागला. नाथाजी पालथा होता, तो हळूहळू कुशीवर आला. एक खांदा मातीला टेकला. दुसरा बोटभर वर. या अल्ला! 

आणि हलगी थांबली.

मी गर्रकन वळलो. ज्ञानूचा हात तसाच वरच्या वर राहिला होता. डोळे फाटलेले, ओठ पांढरे. शिट्टी वाजली नव्हती. भीतीनं त्याचा हातच गोठला होता! मी ओरडलो, "वाजव की लेका!" पण तोवर जालिंदरनं पकड सोडली होती. जिंकलो असं समजून तो उठायला लागला होता. नाथाजीचं तोंड आमच्याच बाजूला होतं. त्यानं हलगीकडं बघितलं, ते मला स्पष्ट दिसलं. दुसऱ्या क्षणी त्यानं खालून जालिंदरची कंबर धरली, उलथवला आणि छातीवर बसला. जालिंदर चितपट! पंचांनी शिट्टी फुंकली. मैदान नुसतं पेटलं. फेटे उडाले, लोकांनी नाथाजीला खांद्यावर घेतला.

जालिंदर मातीतनं उठून ओरडत होता, "हलगी थांबली, म्हनून म्या हात सोडला!"

"हलगी चालूच व्हती! हरलास तर रडतोस का रं?" आमच्या भागातली माणसं त्याच्यावर धावून गेली.

पंच म्हणजे जुने पैलवान, शब्दाचे पक्के. त्यांनी नाथाजीला खाली उतरवला. "नाथाजी, हलगी थांबल्याली ऐकलीस का?"

नाथाजी खाली बघत म्हणाला, "न्हाई. मला काय ऐकू आलं न्हाई."

मग पंच आमच्या गाडीकडं आले. त्यांच्या मागं सगळं मैदान. "ज्ञानू, तू सांग. थांबली व्हती का?"

मी ज्ञानूचा सदरा मागनं ओढला. "चालू व्हती म्हन," मी कानात म्हणालो. "एक शबूद. पोराचं आयुष्य हाय." कोंडीबा माझ्यासमोरच म्हणाला, "चालूच व्हती की!" त्याच्या जागी मी असतो तर कुराणाची शपथ सोडून बाकी सगळ्या शपथा घेतल्या असत्या. खरं सांगतो.

ज्ञानू नाथाजीकडं बघत होता. नाथाजीनं मान वर केली आणि परत खाली घातली.

"थांबली व्हती," ज्ञानू म्हणाला. "शिट्टी न्हवती झाली. माझा हात थांबला. मला भ्या वाटलं."

काय शिव्या पडल्या म्हणून सांगू! कुणी माती फेकली, कुणी म्हणालं हा जालिंदरला फितूर. फितूर! ज्ञानू! मी गाडीवरनं उडी टाकून एकाची गचांडी धरली. पंचांनी माईक मागितला आणि जाहीर केलं, कुस्ती पुन्हा लागणार.

"दुसरा कोन वाजवील?" कमिटीवाल्यानं विचारलं. दुसरं कुणी नव्हतंच. ज्ञानूनं तोंडावरची माती पुसली आणि मला म्हणाला, "दिलावर, म्या डोळं मिटून वाजवतो. शिट्टी झाली की माझ्या खांद्यावर हात ठेव. तवर हात थांबायचा न्हाई."

पुन्हा कुस्ती लागली. ज्ञानू डोळे गच्च मिटून वाजवत होता. असलं वाजवणं मी त्याच्याकडनं कधी ऐकलं नव्हतं. गालावरनं पाणी ओघळत होतं, पण हात एका चालीत. समोर नाथाजी झुंजत होता, खरंच जिवाच्या करारानं. पडता पडता वाचला, उलटून वर आला, मैदान उठून उभं राहिलं. पुन्हा जालिंदरनं पट काढला. पुन्हा एक खांदा टेकला. मी ज्ञानूकडं बघितलं. हलगी चालू. मग दुसरा खांदा टेकला, शिट्टी वाजली.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हलगी थांबली. डोळे तसेच मिटलेले.

"कोन जितला?" त्यानं विचारलं.

"जालिंदर," मी म्हणालो. 

तो गाडीच्या चाकाशी खाली बसला. गर्दी गदेच्या मागं गेली. आम्ही कर्णे उतरवत होतो, तेव्हा नाथाजी लंगडत आला. अंगावर नुसता लंगोट, सोबत कुणी नव्हतं. मला वाटलं, आता हा ज्ञानूला हाणतो. मी मधे उभा राहिलो. त्यानं मला बाजूला सारलं आणि ज्ञानूपुढं मातीतच बसला.

"ज्ञानूनाना," तो म्हणाला, "हलगी थांबल्याली मला ऐकू आलती."

"ठावं हाय मला," ज्ञानू म्हणाला. "तू ऐकलं नसतंस, तर म्या गप बसलो असतो, पोरा. पन ऐकून खेळलास, ते सरळ न्हवतं."

नाथाजीला हुंदका आवरेना. एवढा मोठा गडी, गुडघ्यात डोकं घालून रडला. ज्ञानूनं गळ्यातलं उपरणं काढलं आणि त्याच्या पाठीला लागलेली तांबडी माती पुसत राहिला.