टोप उतरल्यावर

कोलू चालताना जमिनीकडे बघतो. मोरपीस पडलेलं दिसलं की आधी हात पँटला पुसतो, मग उचलतो. उपटलेलं पीस कुणी फुकट दिलं तरी घेत नाही. चहा बशीतच पितो. हातातलं पंक्चर अर्धवट टाकून कधी उठत नाही, गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं तरी.

जिवतीच्या रस्त्यावर त्याचं पंक्चरचं दुकान आहे. आम्ही शाळेपासूनचे मित्र.

गिऱ्हाईकं टिंगल करायची. "काऊन रे कोलू, मोर झडायची वाट पाहून पाहून म्हातारा होशीन का?"

"होईन. तू तुह्या टायराचं पाह्य, तो तं झालाच म्हातारा."

पिसं जमवायला कारण होतं. त्याचे वडील गावचे गुसाडी. दिवाळीत गोंडांची दंडारी, म्हणजे नाचणाऱ्यांची टोळी, एका गावाहून दुसऱ्या गावी जाते. मोरपिसांचा उंच टोप घालून तिच्यापुढे नाचतो तो गुसाडी. टोप चढला की त्याच्यात देव येतो. वडील गेल्यावर तो टोप थोरल्या बिरजूदादाकडे आला. त्यानं माळ्यावर ठेवला. उंदरांनी कुरतडला. कोलूनं भावाशी बोलणं टाकलं. दादा डोंगरापलीकडे, सासुरवाडीच्या गावी राहायला गेला. कोलू वाटेवरची पिसं वेचू लागला.

या दिवाळीत टोप पुरा झाला. कोलूनं अंगाला राख फासली, पायात घुंगरं बांधली. गावच्या पुजाऱ्यानं टोप चढवला.

मी त्याला हाक मारणार होतो. समोर कोलूची उंची होती, कोलूचे खांदे होते, कोलू नव्हता. त्याची आई पुढे आली आणि मुलाच्या पाया पडली. बी.ए.ला मी नाटकातल्या वेशभूषेवर पानं भरली होती. इथे तो शब्द चालेना.

दंडारी डोंगर उतरून दादाच्या गावी पोचली. पाहुण्या गुसाडीचे पाय यजमानानं धुवायचे असतात. तांब्या घेऊन बिरजूदादाच पुढे आला. ढोल थांबले.

त्यानं पाय धुतले. कोलूच्या घोट्याजवळ कुऱ्हाडीचा जुना वण आहे. तिथे दादाचा हात थांबला. वर न बघता तो गोंडीत बोलू लागला. मला तेवढी गोंडी कळते.

"देवा, बाबाचा टोप माह्या हातून गेला. कपाळपट्टी तेवढी वाचली. तिच्या कवड्या मी रोज पुसतो. माह्या भावाले सांग, येऊन घेऊन जा म्हणा. दोन घास खाऊन जा म्हणा."

गुसाडीचे पाय जमिनीवर स्थिर होते. घुंगरं मात्र वाजत होती.

दंडारी संपली. टोप उतरला. कोलू आंघोळ करून दुकानात आला आणि एका मोटारसायकलची ट्यूब घेऊन बसला. टबात बुडवून भोक शोधलं, कानशीनं घासू लागला. भावाचं नाव काढीना. शेवटी मीच विचारलं.

"दादाकडे कधी जाशीन?"

"काऊन?"

"तू आयकलं नाई का?"

"टोपाखाली जे आयकू येते ते देवाचं. कोलूचं नाई. ते मी घरी नाई आणू शकत." तो घासतच राहिला. मग हळूच म्हणाला, "तू होता ना तिथी?"

मला समजायला वेळ लागला. टोप उतरल्यापासून तो माझ्या तोंडाकडे बघत थांबला होता.

मी शब्दन्‌शब्द सांगितलं. टोप, कपाळपट्टी, कवड्या, दोन घास. पहिल्यांदाच कानावर पडावं तसं त्यानं ऐकलं.

"कवड्या पुसतो म्हणाला?"

"रोज."

कोलूनं हात पँटला पुसले. उठला. स्वतःच्या गाडीला किक मारली.

"अबे कोलू, माही ट्यूब!" गिऱ्हाईक ओरडलं.

गाडी डोंगराच्या रस्त्याला लागलीसुद्धा. ट्यूब टबाच्या काठावर लोंबत होती. भोकाभोवतीची जागा घासून तयार होती. पॅच लावायचा तेवढा राहिला होता.