चिंगीला बिबट्यानं नेलं, त्याची हकीकत

हसणार नसाल तरच सांगतो, असं म्हणणार होतो. पण जाऊ द्या, हसा! अख्खं खोडद गाव हसून झालंय, मग तुम्ही चौघांनीच काय घोडं मारलंय?

आमच्याकडं ऊसतोड सुरू झाली की बिबट्याचा हंगाम सुरू होतो. ऊस उभा असतो तोवर तो आत निवांत असतो. फड मोकळा झाला की कोणाला बांधावर दिसतो, कोणाला गोठ्यामागं. म्हणून आम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मोबाइलवर ग्रुप काढला. दिसला की लगेच टाकायचं, कुठं दिसला आणि कुठल्या अंगाला गेला. ग्रुपचा ॲडमिन कोण? अस्मादिक! फॉरेस्टवाल्यांचं शिबिर मी पहिल्या रांगेत बसून ऐकलं होतं. तेव्हापासून बिबट्या हा माझ्या मालकीचा विषय झाला होता.

तर यंदा आमची मांजर, चिंगी, एकाएकी घरी यायची बंद झाली.

बायको म्हणाली, "अहो, पोटुशी व्हती ती. गेली आसंल आडोशाला व्यायला."

"तुला काय कळतंय? बिबट्यानंच नेली!"

आणि टाकलं की मी ग्रुपवर! बबनराव, म्हणजे आमचे बांधाला बांध लागून असलेले शेजारी, त्यांनी तर चिंगीचा फोटो फुलांच्या चौकटीत बसवला, बाजूला समई लावली आणि खाली लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. पाठोपाठ सगळ्यांनी हात जोडले. खरं सांगतो, मला भरून आलं.

त्याच आठवड्यात आमच्या उसाला तोड मिळाली, म्हणजे कारखान्याकडून तोडणीचा नंबर लागला. तोड मिळणं म्हणजे काय, ते ऊसवाल्यालाच विचारा. कारखान्याच्या माणसाला किती चहा पाजला असेल मी! उसाला तुरे आले होते. आणखी थांबलो असतो तर वजन गेलं असतं. तोडणी मजुरांची टोळी आमच्या फडात उतरली आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. माझ्यानंतर नंबर बबनरावांचा.

सकाळची पहिली मोळी बांधून होते न होते, तोच एक बाई कोयता टाकून मागं सरकली. "आगं बया! पिल्लं!"

मी लांबूनच पाहिलं. पाचटात, उसाच्या वाळल्या पाल्यात, तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचं काहीतरी वळवळत होतं.

"कोणी हलू नका!" मी ओरडलो. "बिबट्याची बछडी हायेत! आई जवळपासच आसंल!"

पण ऐकतंय कोण? टोळी थेट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत!

मी मात्र शिबिरात शिकलेलं सगळं नीट केलं. जवळ जायचं नाही, हात लावायचा नाही. लांब बांबूला टोमॅटोचं क्रेट अडकवलं आणि तोंड फिरवून ते पिल्लांवर पालथं घातलं. मग फॉरेस्टला फोन.

"केवढी आहेत?" साहेबांनी विचारलं.

"आसतील मांजराच्या पिल्लायवढी."

आता सांगा, हे बोलतानासुद्धा माझ्या डोक्यात उजेड पडू नये?

साहेब म्हणाले, "आम्ही आंबेगावात विहिरीतला बिबट्या काढतोय. दिवस मावळायच्या आत येतो. तोवर कोणाला जवळ जाऊ देऊ नका."

कोण जाऊ देतंय! मी काठी घेऊन पहाऱ्याला उभा. बबनराव वाकून बघायला लागले तर त्यांनाही दटावलं.

टोळीचा मुकादम म्हणाला, "पावणं, आमची लेकरं हायती बांधावर. आज न्हाई तोडणार. आन् उद्या सकाळी टोळी पुढच्या फडात जाईल. आमाला बसून परवडत न्हाई."

म्हणजे हातात आलेली तोड जाणार होती. पण माघार कशी घेणार? ॲडमिन ना मी!

दिवस कलला. खोडदमधूनच नव्हे, बेल्ह्याहूनही मोटारसायकली आल्या. सगळ्यांचे मोबाइल वर. फॉरेस्टची गाडी आली. साहेबांनी क्रेट उचललं, वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"काका, हे तुम्ही जवळून बघितलं होतं?"

"छ्या! नियम हाय ना, लांब ऱ्हायचं."

तेवढ्यात उसात सळसळ झाली. "आली! मादी आली!" लोक जे पळाले! साहेब तेवढे जागचे हलले नाहीत. मी काठी धरून त्यांच्या पाठीमागं दडलो.

आणि उसातून, शेपटी ताठ करून, बाहेर आली आमची चिंगी!

स्वर्गवासी चिंगी! ती सरळ माझ्याकडं आली, पायाला अंग घासलं आणि भूक लागल्यासारखी ओरडली. मग एकेक पिल्लू मानेला धरून, सगळ्या पंचक्रोशीसमोर, घराकडं न्यायला लागली.

बायको शांतपणे म्हणाली, "बाप ठिपक्यांचा आसंल."

मी मुकादमाकडं वळलो. "आता तोडा की राव!"

"आता अंधार पडला, पावणं. आन् सकाळी पुढं जायचा शब्द दिलाय."

दुसऱ्या दिवशी टोळी बबनरावांच्या फडात. आमचा ऊस अजून तुरे हलवत उभा आहे. रोज बघतो आणि जीव तुटतो.

संध्याकाळी ग्रुपवर बबनरावांचा मेसेज आला. तीच फुलांची चौकट, तीच समई. फोटो मात्र चिंगीचा नव्हता, माझा होता. खाली लिहिलं होतं, 'ॲडमिनसाहेबांच्या अकलेस भावपूर्ण श्रद्धांजली'.

आणि सगळ्यात आधी हात कोणी जोडले असतील? आमच्याच बायकोनं, स्वयंपाकघरातून!