गाडीच्या वेळेचं कारंजं

आमच्या कॉलेजात पंपावर एक माणूस होता. वळणावर एटापल्लीच्या एस.टी.चा आवाज आला, की तो बिडी विझवून कानामागे खोचायचा आणि कारंज्याचा कॉक सोडायचा. गडचिरोलीत आणखी कॉलेजं निघाली होती. पोरं तिकडे वळू नयेत म्हणून संस्थेनं फाटकाशी हे कारंजं बांधलं होतं. गाडी गेली की ते बंद. होस्टेलच्या पोरी मागच्या हापशीवर रांगेत उभ्या.

मी विचारलं, तर म्हणाला, "पाणी दिसाले पायजे, सर. प्याचं कोण पायते?"

एकदा एक बाप मुलीला घेऊन उतरला. कारंज्यात हात बुडवून बराच वेळ उभा राहिला. मग पंपावरच्या माणसाला म्हणाला, "आमच्याकडं उन्हाळ्यात पाण्यासाठी नाल्यात झिरा खोदा लागते, भाऊ. इथी पोरीले पाण्याचा तरास नाई ना?"

याचा हात कॉकवरच होता. "नाई," म्हणाला.

दुपारच्या गाडीनं बाप परत गेला. यानं कारंजं बंद केलं.

संध्याकाळी ती पोरगी नवी बादली घेऊन हापशीवर आली. यानं तिच्या हातून दांडा घेतला. बादली भरून वाहायला लागली, तरी तो मान खाली घालून हापसतच होता.